ऑपरेशन बिघडलं का, नाना?

डोळ्यांच्या तक्रारींचं हे पान लिहिणारा मी डॉक्टर नाही. तीस वर्षं खान्देशातल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी होतो. म्हणजे चष्म्याचे नंबर काढायचे, शिबिरं भरवायची, ऑपरेशनआधी लेन्सचं माप घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, तेव्हापासून लोकांची पत्रं जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिलं मोठं आहे, त्याला जागाही मोठी दिली.

नमस्कार नाना,
माझं वय ६७. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज सोळा दिवस झाले. लांबचं झकास दिसतं. ओट्यावर बसून फाट्यावरच्या एसटीची पाटी वाचते, यावल आहे का शिरपूर ते मालकांना सांगते. पण जवळचं गेलं. ऑपरेशनच्या आधी मी पोथी बिनचष्म्याची वाचत होते, सुईत दोरा एका झटक्यात ओवत होते. गल्लीत माझी तारीफ होती. आता उजव्या डोळ्यानं पोथी बघितली की अक्षरं म्हणजे सांडलेले तीळ. डावा, बिनऑपरेशनचा, तोच अजून वाचतो. मग ज्याला पैसे लावले तो डोळा बिघडला का? मुलानं खर्च केला म्हणून घरात बोलायची चोरी.
आणखी दोन गोष्टी. भिंती, दूध, मीठ, मालकांचं धोतर, सगळं निळसर दिसतं. आणि सैपाकघरातल्या डब्यांवर तेलाचा एवढा थर दिसला की मी सुनेला बोलून गेले. ती तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. जावेला म्हणाली, 'आई आधीच बऱ्या होत्या.' डाव्या डोळ्याचं करू का राहू देऊ?
– एक वाचक, ता. चोपडा

ताई, बिघडलेलं नाही. दुखणं, लाली, चिकट घाण, दिवसेंदिवस नजर उतरत जाणं यातलं एकही तुमच्या पत्रात नाही, आणि फाट्यावरची पाटी तुम्ही ओट्यावरून वाचता. ठरल्या तारखेला तपासणीला जाच, पण रात्रीची झोप घालवू नका.

गल्लीत जी तारीफ व्हायची ना, ती खरं तर मोतीबिंदूची होती. बाहुलीच्या मागे मसुराच्या दाण्याच्या घडणीचं एक भिंग असतं. वय वाढलं की काही जणांच्या भिंगाचा गाभा कडक आणि दाट होत जातो. दाट गाभा उजेडाला जास्त वाकवतो, डोळ्याला उणे नंबर चढतो, आणि उणे नंबरवाल्याला लांबचं दिसत नसलं तरी पोथी नाकाशी धरून बिनचष्म्याची वाचता येते. लांबचं इतकं हळू जातं की त्याचं कोणी मनावर घेत नाही. जवळचं सुधारलं की मात्र गावभर बोभाटा. शिबिरात म्हाताऱ्याला घेऊन आलेली लेक मोठ्या कौतुकानं सांगायची, 'आमना बाबाले या वयमा चष्मा लागत नही.' हे वाक्य कानावर पडलं की मी खिशातली टॉर्च काढायचो. बाहुलीत गुळाच्या रंगाचा मोतीबिंदू बसलेला असायचा.

ते भिंग आता काढलं आणि त्याच्या जागी नवी लेन्स बसवली. तरुणपणी आपलं भिंग जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. या लेन्सला ते जमत नाही, ती एकाच अंतराची असते, आणि आपल्याकडे बहुतेकांना लांबचं अंतर धरूनच घालतात. त्यामुळे पोथीला तुम्हाला चष्मा लागणार, साधारण अडीच नंबरचा. तो आज करून घेऊ नका. जखम भरून नंबर स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे जातात. मी स्वतः, सगळं माहीत असून, पंधराव्या दिवशी हौसेनं चष्मा केला. दुकानदारानंही 'आत्ताच घ्या' म्हणून भरीला घातलं. दीड महिन्यानं नंबर बदलला. तो चष्मा आता नातू डॉक्टर-डॉक्टर खेळताना घालतो. तोवर पोथी अडत असेल तर तयार मिळणारा स्वस्तातला अडीचचा चष्मा घ्या, डोळ्याला अपाय होत नाही.

इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे. ए-स्कॅन या डोळा मोजायच्या यंत्रावर मी हजारो डोळ्यांची मापं घेतली. डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये, बुबुळाची गोलाई, दोन्ही आकडे सूत्रात घातले की लेन्सचा नंबर येतो. बहुतेकांचा वीस ते बावीसच्या आसपास. मापात मी चोख होतो, डॉक्टर डोळे मिटून माझ्या आकड्यावर सही करायचे. पण इतक्या वर्षांत एकाही बाईला मी विचारलं नाही की माय, तू दिवसभर बघतेस काय? तूर पाखडतेस, कापूस वेचतेस, गोधडी शिवतेस, का पोथी वाचतेस? शिबिरात बाहेर दोनशे माणसं बसलेली, विचारायला वेळ नव्हता हे खरं. पण विचारावं असं डोक्यातही आलं नव्हतं, हे जास्त खरं.

त्याची फेड माझ्याकडूनच झाली. निवृत्तीनंतर मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. सुरांची वही पेटीवर उभी असते, डोळ्यांपासून दोन फुटांवर. माझी वेळ आली तेव्हा डॉक्टरनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लांबची लेन्स बसली. आता जवळच्या चष्म्यातून दोन फुटांवरची वही पुसट, चष्मा काढला तरी पुसट. शेवटी फक्त पेटीपुरता दीड नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला. टाळ वाजवणारे हसतात, म्हणतात, नानाचा गायचा चष्मा.

तेव्हा डाव्या डोळ्याचं करायचं आहे ना, तेव्हा माप घेण्याच्या दिवशीच सांगा: मी रोज पोथी वाचते, सुईकाम करते. काही डॉक्टर दुसऱ्या डोळ्याची लेन्स मुद्दाम थोडी जवळच्या अंतराची धरतात, म्हणजे एक डोळा पाटीचा, एक पोथीचा. सगळ्यांना हे मानवत नाही, काहींचं डोकं गरगरतं, म्हणून तुमच्या डोळ्याला चालेल का ते तेच ठरवतील. पण लेन्स बसल्यावर हा विषय काढून उपयोग नाही. एका लेन्समध्ये दोन-तीन अंतरं असणाऱ्या महागड्या लेन्सही मिळतात. त्यांत रात्री दिव्याभोवती कडी दिसण्याचा त्रास जास्त असतो आणि पुसट उजेडात अक्षर तितकं ठसठशीत उमटत नाही. रात्री गाडी चालवणाऱ्यानं ती घेण्याआधी दोनदा विचार करावा. साध्या एका अंतराच्या लेन्सला हलकं समजू नका. माझ्याही दोन्ही डोळ्यांत तीच आहे.

आता निळ्या रंगाचं. ही कथा मी आजवर घराबाहेर सांगितली नव्हती. माझ्या ऑपरेशनच्या आधीच्या दिवाळीला आम्ही गावच्या घराला चुना काढला. चुन्यात थोडी नीळ टाकतात, म्हणजे पांढरा खुलतो. रंगाऱ्यानं पहिला हात मारला, मला भिंत पिवळट दिसली. म्हटलं, नीळ टाक. त्यानं टाकली. तरी पिवळट. अजून टाक. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं पुडीच उलटी केली. मी खुश. दोन महिन्यांनी पट्टी निघाली, शहरातून घरी आलो, अंगणात पाय ठेवला आणि विचारलं, 'हे आकाशी घर कोणाचं?' बायको म्हणाली, 'मले वाटनं तुमले हाऊच रंग आवडस.'

मोतीबिंदूचं भिंग पिवळं-तपकिरी असतं आणि उजेडातला निळा भाग ते अडवून धरतं. वर्षानुवर्षं आपण जग चहाच्या गाळणीतून बघत असतो आणि मेंदू त्यालाच पांढरा म्हणायला शिकतो. गाळणी निघाली की अडवलेला निळा एकदम आत येतो. तुमचं मीठ निळं झालेलं नाही, तुमच्यापुरतं ते इतकी वर्षं पिवळं होतं. पडताळून बघा. दुपारी उजेडात मिठाची वाटी समोर ठेवा आणि एकेक डोळा झाका. डाव्यानं ते मीठ तुम्हाला गव्हाच्या पिठासारखं दिसेल. हा निळेपणा काही आठवड्यांत आपोआप विरतो. मीठ नाही बदलत, मेंदू बदलतो.

डब्यांचं काय सांगू? तो थर सोळा दिवसांत बसलेला नाही, ताई. तुमच्या हाती सैपाकघर होतं तेव्हापासूनचा त्यात वाटा असेल, आणि हे सूनबाईला माहीत आहे म्हणूनच तिला ते झोंबलं. मीही पहिल्या आठवड्यात बायकोला म्हणालो होतो की तुझ्या भाकरीला इतके डाग कधीपासून पडायला लागले. त्या दिवशी मला भाकरी मिळाली नाही. अनुभवानं सांगतो, पहिला महिनाभर जे दिसेल ते बोलू नये. डबे एक दिवस दुपारी स्वतः गरम पाणी आणि सोडा घेऊन पुसायला बसा. वाकून जड काही उचलू नका, एकेक डबा ओट्यावर घ्या. सून येऊन बसेल शेजारी. आणि नाही बसली तरी डबे तर स्वच्छ होतील.

आता दोन डोळ्यांच्या भांडणाचं. तुम्ही लिहिलं नाही, पण जिना उतरताना पाय चुकत असणार. उजव्याचा नंबर जवळजवळ शून्यावर आलाय, डावा अजून उणेमध्ये आहे. दोन्हींतून येणारी चित्रं मेंदूला जुळवता येत नाहीत. लांबचा जुना चष्मा असेल तर त्याची उजवी काच आता चुकीची आहे. ती काढून टाकून तोच चष्मा वापरतात बरेच जण, पण दोन डोळ्यांत तीन नंबरांच्या वर फरक असला तर त्यानंही गरगरतं, कारण एक चित्र मोठं आणि एक लहान दिसतं. दुसरं ऑपरेशन होईपर्यंत पायऱ्यांच्या कडांना चुन्याचा पट्टा ओढा, कठड्याला हात धरा, विहिरीच्या काठाला जाऊ नका. डाव्याचं लवकर करून घ्यायला हे एक कारणही पुरेसं आहे. माझे दोन्ही डोळे एका माळेत आले आणि मगच मी पुन्हा सायकलवर बसलो.

तुम्ही म्हणाल, नानाला काय, सगळं सोपं वाटतं. १९८४ मध्ये मी नोकरीला लागलो तेव्हा शिबिरं शाळेच्या वर्गात भरायची. बाकं भिंतीला लावून जमिनीवर गाद्या. ऑपरेशन झालेला माणूस उताणा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. मोतीबिंदू काढायचे, पण आत बसवायला लेन्स नसायची. नंतर दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचे, बाटलीच्या बुडासारखा. त्यातून सगळं पाव-हिश्श्यानं मोठं दिसायचं आणि मोठं दिसतं म्हणून जवळ वाटायचं. पाचोऱ्याकडच्या एका आजोबांना मी चहा दिला तेव्हा त्यांनी कपाच्या वीतभर अलीकडेच हवेत चिमटा धरला. दोनदा. मग हसून म्हणाले, 'कप पयी राह्यना भो.' कप पळतोय. त्यांच्यापुढे मीठ निळं दिसणं हा फार छोटा त्रास आहे, ताई.

डोळ्यात लेन्स बसवायची कल्पना तशी जुनी. लंडनचे हॅरोल्ड रिडली यांनी महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कण पाहिले. डोळा त्या कणांवर चिडत नव्हता. १९४९ मध्ये त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. आमच्या शिबिरापर्यंत यायला तिला चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली, कारण बाहेरून येणारी लेन्स महाग होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढून स्वस्तात लेन्स करायला घेतल्या, त्यानंतर खेड्यातल्या माणसालाही लेन्स परवडू लागली. ज्या दिवशी आमच्याकडच्या पेशंटला जाड चष्म्याऐवजी लेन्स पडली, त्या दिवशी मी घरी जाऊन गोडाचा शिरा करायला लावला होता.

थेंबांचं थोडक्यात, कारण त्यात तुमची चूक होत नसावी. दुधासारखं पांढरं औषध असेल तर बाटली हलवून मगच टाकायची. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही. आणि डोळा बरा वाटतो म्हणून थेंब मध्येच सोडायचे नाहीत, की गुण आला म्हणून पुढे महिनोन्‌महिने चालवायचेही नाहीत. त्यात स्टेरॉइड असतं. विनाकारण चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब चढतो. दवाखान्यातून लेन्सच्या नंबराचं स्टिकर लावलेलं कार्ड मिळालं असेल ते रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. नसेल मिळालं तर मागा, तो तुमचा हक्क आहे.

कडेला कधी झालर हलल्यासारखी चमकते, एखादी काळी चंद्रकोर दिसते. लेन्सच्या कडेवरून उजेड परततो त्यामुळे. ते बहुतेकांचं हळूहळू जातं. पण डोळ्यापुढे एकदम काळ्या माश्यांचा थवा, विजेसारख्या चमका, कोपऱ्यातून पडदा सरकत येणं, किंवा डोळा लाल होऊन ठणकायला लागणं आणि दिसणं कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर मला पत्र लिहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तर रात्रीच.

राम राम नाना,
वय ५८, केळीचा शेतकरी. मागच्या सोमवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरचे मला काहीच करू देत नाहीत, आंघोळही नाही. भरताचा सीझन आहे, मित्रांनी शेतात भरीत पार्टी ठेवलीय. जाऊ का? आणि फवारणी कधी करू?
– एक शेतकरी, ता. यावल

भाऊ, यावल तालुक्यातला माणूस आणि बामणोदच्या वांग्याचं भरीत खाऊ नको असं सांगणं माझ्या जिवावर येतं. खा, पोटभर खा, कळण्याच्या भाकरीबरोबर खा. पण वांगी जिथं पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजतात तिथं उभं राहू नका. तो धूर धडधाकट डोळ्यांना रडवतो. शंभर पावलं दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला खाट टाकून बसा, काळा चष्मा लावा, आणि भरीत तयार झालं की ताट तिकडे मागवा. पेशंट आहात, मान घ्या. एक मात्र लक्षात ठेवा, मिरच्या ठेचणाऱ्याच्या शेजारी बसायचं नाही आणि जेवल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याकडे न्यायचा नाही.

आंघोळ मानेखालून पहिल्या दिवसापासून चालते. डोक्यावरून पाणी साधारण दोन आठवडे नको. तोंड ओल्या फडक्यानं पुसा. रात्री झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावून झोपा, झोपेत हात डोळ्यावर जातो आणि आपल्याला कळतही नाही. केळीचा घड खांद्यावर घेणं, पाण्याचा पाइप ओढणं, इंजिनाला दोरी मारणं हे महिनाभर दुसऱ्यावर सोडा. फवारणीही महिनाभर नाही, आणि नंतर केलीत तरी चारी बाजूंनी बंद गॉगल लावून. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, डोळ्यात गेला तर काय होईल ते सांगायला नको. मोटारसायकल डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. आणि हो, सासुरवाडीहून कोणी मध, सुरमा किंवा गुलाबपाणी पाठवलं तर नमस्कार करून ठेवून द्या.

नमस्कार,
माझे वडील ७२ वर्षांचे. मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, मुकादम म्हणून काम केलं, अजूनही जातात. डागी मिरची बाजूला काढणं हे त्यांचं काम, पण हल्ली त्यांना ती ओळखू येत नाही. बाया वडिलांच्या मागे पुन्हा निवड करतात आणि त्यांना सांगत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वडील म्हणतात, पिकू दे, पिकल्यावर काढू. आणि डोळा बाहेर काढून ठेवतात अशी त्यांना भीती आहे. शुगरची आणि लघवीची गोळी चालू आहे. एक ओळखीचे गृहस्थ थेंबांनी मोतीबिंदू विरघळवून देतो म्हणतात.
– एक मुलगा, नंदुरबार

शेवटचं आधी. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. पैसे वाचवा.

पिकू देण्याला पूर्वी अर्थ होता. लेन्स नसायची, जाड चष्मा नशिबी यायचा, म्हणून माणूस पार आंधळा व्हायला आला की मगच काढायचे. आता उलट आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स केल्मन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतच फोडून ओढून घ्यायची पद्धत आणली, आणि ही कल्पना त्यांना दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली होती. जेमतेम तीन मिलिमीटरच्या छिद्रातून काम होतं, टाका लागत नाही. पण मोतीबिंदू जितका कडक, तितकी फोडायला ताकद जास्त आणि बुबुळाला त्रास जास्त. फार पिकलेल्यासाठी सहा-सात मिलिमीटरची चीर घेऊन हातानं काढतात. तीही चांगली पद्धत आहे, आमच्या सरकारी शिबिरांत तिनंच लोकांना दृष्टी दिली, आणि तिथं ती मोफत होते. फार ताणलं तर भिंग पाणी पिऊन फुगतं, डोळ्यातला दाब एकदम चढतो, डोळा लाल, डोकं फुटतंय, उलट्या. अशा वेळी घाईत केलेल्या ऑपरेशनचा गुण हमखास येत नाही. वडिलांना माल ओळखू येत नाही म्हणजे त्यांच्यापुरती वेळ झालीच आहे.

डोळा बाहेर काढत नाहीत. मी तीस वर्षं हे लोकांना सांगितलं आणि स्वतः टेबलावर आडवा झालो तेव्हा माझेही पाय थरथरत होते. वडिलांना जे कळेल ते सांगतो. आधी दर दहा मिनिटांनी बाहुली मोठी करायचे थेंब, जरा चुरचुरतात. मग बधिर करतात, काहींना थेंबांनी, काहींना डोळ्याखाली इंजेक्शननं. तोंडावर हिरवं कापड टाकून फक्त डोळ्यापुरती खिडकी ठेवतात. पापण्या एका चिमट्यानं उघड्या राहतात, त्यामुळे डोळा मिटला तर काय होईल ही चिंता नको. वर एक पांढरा दिवा, मग तो पाण्याखालून बघावा तसा हलायला लागतो. यंत्राचा आवाज येतो, मधूनच बारीक शिट्टीसारखा. थंडगार पाणी कानाकडे ओघळतं. दुखलं नाही, दाबल्यासारखं वाटलं. माझ्या उजव्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर बाहेरच्या सिस्टरला चहा सांगत होते, त्यावरून मी ओळखलं की अवघड भाग संपला. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

शुगर आहे तर ऑपरेशनआधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करा आणि डोळ्याचा मागचा पडदा बघून घ्या. पडदा साखरेनं खराब झाला असेल तर मोतीबिंदू काढूनही नजर तितकी उघडणार नाही. हे आधी कळलेलं बरं, नंतर डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. ऑपरेशननंतर महिनाभर पथारीवर पाऊल टाकू देऊ नका. मिरचीची धूळ तुम्हा नंदुरबारकरांना मी काय सांगावी. एक-दोन वर्षांनी पुन्हा धुरकट वाटलं तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका. लेन्सच्या मागची पिशवी गढूळ होते, ती लेझरनं बसल्या जागी पाच मिनिटांत साफ करतात.

आणि त्या लघवीच्या गोळीचं. प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या काही गोळ्यांनी, टॅम्सुलोसिनसारख्या, बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना तो फडफडतो. डॉक्टरला आधी माहीत असेल तर तो तयारीनं बसतो, नसेल तर ऐन वेळी धावपळ होते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, बंद करूनही हा परिणाम लगेच जात नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या किती म्हाताऱ्यांनी ही गोळी लपवली असेल, मोजदाद नाही. लेकी-सुनांसमोर लघवीचं बोलायचं कसं, म्हणून. तुम्ही वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून माप घेण्याच्या दिवशी सोबत न्या. रिकामी असली तरी चालतील.